नकाराचा इतिहास : तंबाखूच्या जाहिराती आणि प्रसिद्ध चेहरे



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत जुन्या सिगारेटच्या जाहिरातींवर बोलायचं, हे काहींना खटकलं असेल. पण शिक्षकाचं आणि जाहिरातीचं काम एका जागी येऊन भिडतं. दोघंही मुलाच्या मनात आदर्श उभा करतात. शिक्षक तो समजावून देतो, जाहिरात तो दाखवून मोकळी होते. त्यामुळे आदर्श म्हणून कोणाचा चेहरा दाखवला गेला, कोणी दाखवला आणि का, हा प्रश्न शिक्षणाचाच आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करतो. 1923 मध्ये तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून क्रिकेटपटू कोट्टारी कनकैया ऊर्फ सी. के. नायडू नागपूरहून इंदूरला आले आणि इथलेच झाले. 1926 च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी 153 धावा काढल्या, त्यात 11 षटकार होते. 1932 साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हा कर्णधार तेच होते. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या संघाची घडी त्यांनी बसवली. आणि 1941 साली बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत सी. के. नायडू झळकले. एखाद्या वस्तूची शिफारस करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून आज त्यांचंच नाव घेतलं जातं. त्याच वर्षी लीला चिटणीस या मराठी अभिनेत्री लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या जाहिरातीत येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तारका.

हे टॉनिक होतं, साबण होता. त्यात वावगं काही शोधायचं कारण नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की 1941 पर्यंत भारतातल्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. षटकार मारणाऱ्या माणसाला यकृताबद्दल वैद्याइतकं ज्ञान असावं लागत नाही. लोकांचा त्याच्यावर जीव असला की पुरे. मैदानावर कमावलेला विश्वास दुकानात खर्चता येतो. ही युक्ती जगात फार लवकर आणि फार पद्धतशीरपणे ज्या धंद्याने वापरली तो धंदा तंबाखूचा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटचं पाकीट कागदी आणि नाजूक असे. ते चुरगळू नये म्हणून आत एक जाड पत्ता घालत. पुढे त्या पत्त्यावर चित्रं आली. 1896 साली इंग्लंडमधल्या विल्स कंपनीने 50 क्रिकेटपटूंचा संच काढला. संच पुरा करायचा तर पाकिटं घेत राहावं लागे, आणि पत्ते जमवण्याचा नाद मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक. म्हणजे धूम्रपान न करणारं मूलही वडिलांनी कोणती सिगारेट घ्यावी हे ठरवू लागलं. आज ज्याला आपण ब्रँडची निष्ठा म्हणतो, ती अशी आठ-दहा वर्षांच्या वयात रुजवली गेली.

याच पत्त्यांच्या इतिहासात पहिला मोठा नकार आहे. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंचे पत्ते काढले. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर त्या काळातला अव्वल खेळाडू. आपलं चित्र वापरायला त्याने मनाई केली आणि कंपनीला त्याचा पत्ता थांबवावा लागला. याची दोन कारणं सांगतात. आपल्या चित्रापायी मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला मान्य नव्हतं, हे एक. मोबदल्याचा वाद होता, हे दुसरं. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, हेही खरं. तरी आपला चेहरा कुठे लागेल हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, हे त्याने ठणकावलं. बाजारात गेलेले थोडेसे पत्ते आज दुर्मीळ आहेत. 2022 मध्ये त्यातला एक साडेबहात्तर लाख डॉलरना विकला गेला.

आपल्याकडचा नकार याहून तेजस्वी आहे. जानेवारी 1921. असहकाराची चळवळ भरात होती. एका मित्राने गांधीजींना सिगारेटचं एक लेबल पाठवलं. त्यावर गांधीजींची तसबीर होती आणि नाव होतं ‘महात्मा गांधी सिगारेट’. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लगेच लिहिलं. आपल्या नावाचे जे जे गैरवापर झाले त्यांत इतका मानहानीकारक दुसरा नाही, असा त्या लेखाचा आशय आहे. परवानगी नव्हती, करार नव्हता, मोबदला तर नव्हताच. देशातला सर्वांत विश्वासाचा चेहरा कोणीतरी उचलला आणि पाकिटावर चिकटवला. विकणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर त्याचा हिशेब चोख होता. विलायती मालावर बहिष्कार घालणाऱ्या ग्राहकाला देशी सिगारेट विकायची, तर यापेक्षा वजनदार शिफारस कुठली?

महापुरुषांची नावं तंबाखूच्या वेष्टनावर छापायची ही रीत त्यानंतरही थांबली नाही. महाराष्ट्रात ‘संभाजी बिडी’ अनेक दशकं विकली गेली. छत्रपतींचं नाव असलेलं वेष्टन लोक बिडी ओढून झाल्यावर रस्त्यावर टाकत, पायदळी तुडवत. 2020 मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी तरुणांनी उपोषण केलं, महाराष्ट्रभर निषेध झाला आणि अखेर पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीने नाव बदलून ‘साबळे बिडी’ केलं. संभाजीराजे स्वतः नाही म्हणायला येऊ शकत नव्हते. त्यांच्या वतीने समाज नाही म्हणाला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चेहऱ्यावर आणि नावावर समाजाचाही हक्क असतो हे तिथे सिद्ध झालं.

आता होकारांकडे वळू. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिनेमा बोलू लागला आणि सिगारेट कंपन्या हॉलिवूडच्या दारात उभ्या राहिल्या. 1927 ते 1951 या काळातल्या करारांची कागदपत्रं अभ्यासून 2008 साली संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातून दिसतं की जवळजवळ 200 कलावंतांनी या काळात सिगारेटची शिफारस केली. ‘लकी स्ट्राइक’ विकणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीने 1937-38 मध्ये गॅरी कूपर, क्लार्क गेबल, जोन क्रॉफर्ड, स्पेन्सर ट्रेसी यांना प्रत्येकी दहा हजार डॉलर दिले. पण पैशापेक्षा व्यवहाराची रचना पाहण्यासारखी आहे. नट स्टुडिओला बांधील असत. जाहिरातीत नटाच्या नव्या चित्रपटाचं नाव छापलं जाई. सिगारेट कंपनी जाहिरातीचा खर्च करी आणि स्टुडिओला चित्रपटाची प्रसिद्धी फुकट मिळे. म्हणजे ‘मला ही सिगारेट आवडते’ हे वाक्य नटाच्या तोंडी येण्याआधी दोन कचेऱ्यांत ठरलेलं असे.

त्या वाक्यात किती खरेपणा होता? अमेलिया इअरहार्टचं उदाहरण घ्या. 1928 च्या जूनमध्ये ‘फ्रेंडशिप’ विमानातून अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. लगेच तिच्या चित्रासह ‘लकी स्ट्राइक’ची जाहिरात आली. इअरहार्ट धूम्रपान करतच नव्हती. जाहिरातीतलं वाक्य फार जपून लिहिलेलं होतं. विमानात ही सिगारेट नेलेली होती, एवढंच ते सांगत होतं. ओढणारे होते तिचे दोन सहकारी, आणि तिची सही नसती तर त्यांना पैसे मिळाले नसते. मिळालेले 1500 डॉलर तिने कमांडर बर्डच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेला देऊन टाकले. एकही अक्षर खोटं नाही आणि तरी सगळी जाहिरात फसवी. आजच्या जाहिरातींकडे वळू तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्या.

नटांपाठोपाठ डॉक्टर आले. 1946 मध्ये ‘कॅमल’ने जाहीर केलं की डॉक्टर इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा कॅमल अधिक ओढतात. खोकल्याची भीती लोकांच्या मनात आली होती; तिला उत्तर म्हणून पांढरा कोट पुढे केला गेला. चारच वर्षांनी, 1950 मध्ये, इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन ‘चेस्टरफील्ड’च्या जाहिरातीत हसत होते. ‘कॅमल’ची शिफारस करणाऱ्या जॉन वेनचं एक फुप्फुस 1964 साली कर्करोगामुळे काढावं लागलं. चेहरे देणारेही या धंद्याच्या हातून सुटले नाहीत, हे मी कणवेने सांगतो.

भारतात हा धंदा 1910 मध्ये कोलकात्यात नोंदलेल्या इम्पीरियल टोबॅको कंपनीने उभा केला. तीच आजची आयटीसी. साठ-सत्तरच्या दशकांत ‘विल्स फिल्टर’ने तरुण जोडप्यांची स्पर्धा भरवली, एकमेकांना शोभणारा नवरा-बायको आणि तंबाखूला शोभणारा फिल्टर, अशी ती सांगड होती. कंपनीने शेजारच्या घरातले हसरे चेहरे घेतले आणि त्यांनाच प्रसिद्ध केलं. ‘चारमिनार’च्या जाहिरातीत जॅकी श्रॉफ दिसले, ते अजून ‘हिरो’ व्हायचे होते. नव्वदच्या दशकात ‘रेड अँड व्हाइट’साठी अक्षय कुमार आले. 1975 च्या कायद्याने पाकिटावर आणि जाहिरातीत वैधानिक इशारा छापणं सक्तीचं केलं होतं. पण इशारा खालच्या कोपऱ्यात आणि चेहरा पानभर.

आणि मग क्रिकेट. 1977-78 पासून विल्स करंडक सुरू झाला. नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या छातीवर विल्सचं नाव आलं. 1996 ची विश्वचषक स्पर्धा अधिकृतपणे ‘विल्स वर्ल्ड कप’ होती. मैदानात एकही खेळाडू सिगारेट ओढताना दिसत नव्हता. त्याची गरजही नव्हती. याचा परिणाम काय होतो हे सप्रमाण दाखवण्याचं काम आपल्याच देशात, गोव्यात झालं. 1995 मध्ये विल्सने प्रायोजित केलेली भारत-न्यूझीलंड मालिका झाली. त्यानंतर शल्यविशारद डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली. तिचा निबंध 1996 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. निष्कर्ष असा, की प्रायोजकत्वामुळे मुलांच्या मनात धूम्रपान आणि खेळातलं कौशल्य यांचं खोटं नातं जुळतं आणि तंबाखू चाखून पाहण्याची शक्यता वाढते. दुष्परिणाम माहीत असलेल्या मुलांवरही हा प्रभाव पडला होता. पाठ्यपुस्तकातली माहिती लाडक्या खेळाडूच्या शर्टापुढे हरली. डॉ. वैद्यांनी तंबाखू निर्मूलनाची संघटना उभी केली होती. गोव्याने 1997 मध्ये धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

त्याच 1996 च्या विश्वचषकात आणखी एक नकार घडत होता. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर एकही स्टिकर नव्हता. इतर काहींच्या बॅटांवर विल्स आणि फोर स्क्वेअर ही सिगारेटची नावं होती. सचिनने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की तंबाखू आणि मद्य यांची जाहिरात करायची नाही, असं वचन त्याने वडिलांना दिलं होतं. वडील म्हणजे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर. लोक तुझ्याकडे पाहून वागतील, एवढं साधं कारण त्यांनी दिलं होतं. त्या स्पर्धेत सचिनने 523 धावा काढल्या, सर्व फलंदाजांत सर्वाधिक. जगातला सर्वांत महाग ठरू शकणारा बॅटीचा तुकडा कोरा राहिला, तो एका मराठी शिक्षकाच्या शब्दाखातर.

पण इथे थांबून विचार करा. बॅट कोरी होती, स्पर्धेचं नाव मात्र विल्स होतं. ज्या धावा तो काढत होता त्या विल्स विश्वचषकातच मोजल्या जात होत्या. एकट्या माणसाचा नकार कितीही मोठा असला तरी त्याला मर्यादा आहे. गांधीजींचा लेख आला आणि वर्षानुवर्षं वेष्टनांवर महापुरुष छापले गेले. वॅग्नरचा पत्ता थांबला, बाकीच्यांचे छापले गेले. म्हणून नकाराला कायद्याचं बळ लागतं. 2001 मध्ये, कायदा येऊ घातलेला असताना, आयटीसीने क्रिकेटचं प्रायोजकत्व सोडलं. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा 1 मे 2004 पासून लागू झाला. तंबाखूची प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष जाहिरात, खेळांचं प्रायोजकत्व, जवळजवळ सारं बंद झालं. 2009 पासून पाकिटावर चित्रमय इशारा आला आणि 2016 मध्ये त्याने पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापला. पूर्वी इशारा कोपऱ्यात होता, आता ब्रँडचं नाव कोपऱ्यात गेलं. हा आपल्या लोकशाहीचा मोठा विजय आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हवा.

मात्र सिगारेटचा दरवाजा बंद झाला आणि पान मसाल्याचा उघडला. त्याची सुरुवात बरीच आधी झाली होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर अशोक कुमार आणि शम्मी कपूर लग्नाच्या बोलणीत पान परागची महती सांगत. अशोक कुमार आपल्या खंडव्याचे. घरातल्या वडीलधाऱ्यासारखा त्यांचा चेहरा. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग निर्माण करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये नोंदवलं. 1 एप्रिल 2012 रोजी मध्य प्रदेशाने गुटख्यावर बंदी घातली. अन्नसुरक्षेच्या नियमांखाली असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यावर तोड म्हणून पान मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकले जाऊ लागले. जाहिरातीत उरली वेलची, केशर, चांदीचा वर्ख. ‘फ्रेंडशिप’ विमानातल्या सिगारेटची आठवण ठेवा असं मी म्हणालो, ते यासाठी. जाहिरात वेलचीची आहे हे अक्षरशः खरं. ग्राहकाने ओळखायचं नाव मात्र पान मसाल्याचं.

या वेलचीला मोठमोठे चेहरे मिळाले. 2021 मध्ये अमिताभ बच्चन अशा एका करारातून बाहेर पडले आणि त्यांनी पैसे परत केले. 2022 च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमारने चाहत्यांची माफी मागितली, मानधन चांगल्या कामाला देईन असं सांगितलं. कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसू शकते, हेही त्याच निवेदनात होतं. माफी मागणं सोपं नसतं, तिचा मान ठेवू. ती मागायला कोणी लावली, हे अधिक मोलाचं आहे. कोर्टाने नव्हे, प्रेक्षकांनी. दोन महिन्यांनी, जून 2022 मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने छुप्या जाहिरातींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिफारस करणाऱ्याने वस्तूची नीट खातरजमा करावी, हे त्यांत बंधनकारक आहे. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर 10 लाख, पुन्हा घडलं तर 50 लाखांपर्यंत दंड, आणि एक ते तीन वर्षं शिफारस करण्यावर बंदी, एवढी तरतूद कायद्यात आहे. तरतूद आहे, ती वापरायला लावणारे नागरिक हवेत.

आपल्या राज्याला याची निकड जास्त आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. मध्य प्रदेशात हे प्रमाण 34.2 टक्के होतं, आणि त्यातला बहुतेक वाटा न जळणाऱ्या, चघळण्याच्या तंबाखूचा. म्हणजे सिगारेटच्या जाहिराती गेल्या तरी आपल्या घरातला धोका गेलेला नाही. तो पुडीत आहे, आणि त्या पुडीचा मोठा भाऊ फलकावर हसतो आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आता स्पष्टपणे मांडतो. प्रसिद्धी ही लोकांनी प्रसिद्ध माणसाकडे ठेवलेली ठेव आहे. नायडूंचा षटकार पाहायला जे लोक उन्हात उभे राहिले, त्यांनी ती ठेव ठेवली. नटाच्या चित्रपटाचं तिकीट काढणारा रोज त्यात भर घालतो. ही ठेव विश्वस्ताने वाटेल त्याला विकावी, हे आपल्याला मान्य नाही, असं म्हणण्याचा अधिकार ठेवीदाराला आहे. संभाजीराजांच्या नावासाठी महाराष्ट्राने तो वापरला. पान मसाल्याबाबत प्रेक्षकांनी थोडासा वापरला आणि त्याचाही परिणाम दिसला.

चेहरा चांगल्या कामालाही देता येतो. राहुल द्रविडचा जन्म 1973 साली याच इंदुरात, मराठी घरात झाला. चित्रपटगृहात तंबाखूविरोधी संदेश देणारा त्याचा चेहरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच चित्रपटगृहांत गुटख्याने आजारी पडून चोविसाव्या वर्षी गेलेला खानदेशातला एक तरुणही आपल्याशी बोलला. त्याच्याकडे प्रसिद्धी नव्हती. तरी त्या जाहिरातींतला सर्वांत परिणामकारक चेहरा तोच होता, कारण तो स्वतःचं खरं सांगत होता.

म्हणून इंदूरकरांकडे माझं एक मागणं आहे. 2017 पासून वर्षामागून वर्ष हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. ते केवळ महापालिकेच्या गाड्यांमुळे झालं नाही. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला शेजारी हटकू लागला, म्हणून झालं. तेच हटकणं आता फलकांपर्यंत न्यायला हवं. गणेशोत्सवाच्या मांडवात, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीत, गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेत आणि आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत तंबाखूचं किंवा तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वेलचीचं प्रायोजकत्व घ्यायचं नाही, असा ठराव प्रत्येक संस्थेने लेखी करावा. पैसा कमी पडेल, तो आपण वर्गणीने उभा करू. शाळांनी वरच्या वर्गांत वर्षातून एक तास जुन्या आणि नव्या जाहिराती समोर ठेवून मुलांना विचारावं : हा माणूस काय सांगतो आहे, त्याला ते कशावरून माहीत आहे, आणि त्याला ते सांगायला कोणी लावलं? ज्या मुलाला हे तीन प्रश्न विचारायची सवय लागेल, त्याला पुढे कुठलाही चेहरा सहजासहजी फसवू शकणार नाही.

या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी असा ठराव करणारी पहिली संस्था व्हावं, ही विनंती मी याच व्यासपीठावरून करतो. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवर तो छापलेला असेल, तर आजच्या भाषणाचं चीज झालं असं मी समजेन.